डावीकडे सरकणारा म

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा: बाप, पाप, माप. ओठांकडे नीट बघा. तिन्ही वेळा ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. फरक काही दिसला? दिसणार नाही. प, ब आणि म यांतला फरक घशात आणि नाकात असतो, ओठांवर नसतो. त्यामुळे तुम्ही बहिऱ्या माणसाला बाप म्हणालात की त्याच्या पदरात पाप घातलंत, हे त्याला नुसतं बघून कळायला मार्ग नाही.

माझ्या बाबांना मात्र कळायचं. सगळ्या जगाचं नाही, फक्त माझं. कारण माझा जबडा वाकडा होता. हे कारण आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

माझं नाव मृण्मयी. मूर्तिकाराच्या मुलीचं नाव याहून वेगळं काय असणार! पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर भोंगा आणि चिमणी डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची एक लांब शेड, फळ्यांवर वाळत ठेवलेल्या शाडूच्या मूर्ती आणि आम्ही दोघं, याला पेणमध्ये कारखाना म्हणतात. छापील गणपती आल्यापासून, म्हणजे यंत्रातून थरावर थर चढवून तासाभरात बाहेर पडणारे, आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं हट्टी किंवा म्हातारी, नाहीतर दोन्ही.

मी पाचवीत असताना बाबांना मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण कानाच्या आतला शंख हाडाने भरून गेला. ऐकण्याचं यंत्र आत बसवायचं तर त्या शंखात पोकळी लागते, आणि बाबांच्या शंखात सुई शिरायलाही जागा उरली नव्हती. आई त्यांच्याशी खुणांनी बोलायची. दोन वर्षांनी ती गेली आणि खुणाही तिच्याबरोबर गेल्या.

मग आमचा खेळ सुरू झाला. मी शाळेतून आले की बाबा हात धुऊन माझ्यासमोर पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "बोल." मी बाप, पाप, माप यांतला एक शब्द बिनआवाजी म्हणायचा आणि त्यांनी ओळखायचा. सुरुवातीला ते हमखास चुकायचे. नववी-दहावीपर्यंत निम्मे बरोबर यायला लागले. मी कॉलेजात गेले तेव्हा त्यांची एकही चूक होत नव्हती. बाबा भलते खूश. गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी ओठ वाचतो." आणि गिऱ्हाईक काही बोललं, की मान डोलावून "हो, हो" म्हणायचे. ती मान मी चांगली ओळखून होते. काही कळलं नाही, पण समोरच्याला वाईट वाटू नये, अशी ती मान असायची.

"लोक स्पष्ट बोलत नाहीत गो," ते मला म्हणायचे. "तू कशी, एकेक अक्षर सुटं सुटं बोलतेस."

आता गंमत बघा. मला एकेक अक्षर सुटं बोलणारी म्हणणारा अख्ख्या रायगड जिल्ह्यात हा एकच माणूस. बाकी सगळे मला बोबडी म्हणायचे. माझा उजव्या बाजूचा जबडा वयात येताना प्रमाणाबाहेर वाढला आणि त्याने हनुवटी डावीकडे ढकलली. पुढचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत, मधून बोट जाईल एवढी फट. भाकरीचा तुकडा मला हातानेच तोडून आत सारावा लागायचा. कानातल्या यंत्राला पर्याय म्हणून बाबांना एक अक्षरचष्मा आणला होता. समोरचा बोलतो ते शब्द काचेवर लिहून दाखवणारा. इतरांचं बोलणं त्याला बऱ्यापैकी यायचं, पण माझं "बाबा, पाणी प्या" त्याने "वावा वाणी व्या" असं लिहिलं. बाबा पोट धरून हसले. "मशीनला तुझं कळत नाय. मला कळतं." चष्मा खणात गेला. नाहीतरी माती-रंगाच्या कामात त्याच्या काचा दहा मिनिटांत आंधळ्या व्हायच्या.

*

ऐन हंगामात, आखणी करताना, माझा जबडा अडकला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. आमच्या धंद्यातलं ते सगळ्यात नाजूक काम. मला जांभई आली, तोंड उघडलं, आणि मिटेचना. हातात ब्रश, समोर एक डोळा रंगवलेला गणपती आणि मी आ वासून उभी. बाबांना आधी वाटलं मी हसतेय. मग माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून त्यांनी हातातली मूर्तीच खाली टाकली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून पडलेली ती पहिली मूर्ती.

पनवेलच्या सरकारी दंत दवाखान्यात डॉक्टर नाझनीन मुकादम यांनी जबडा जागेवर बसवला. माझ्याच वयाच्या, बोलायला रोखठोक.

"मृण्मयीताई, हा सांधा झिजलाय. वेडावाकडा भार पडतोय त्याच्यावर. असंच राहिलं तर दोन-तीन वर्षांत तोंड नीट उघडणार नाही. लग्नाबिग्नासाठी सरळ करून घ्या असं मी सांगत नाहीये. जेवता यावं म्हणून सांगतेय."

जुना मार्ग होता हाड कापून पट्ट्या-स्क्रूंनी जोडायचा. त्यासाठी सरकारी रांग लांब आणि खासगी खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा. नवा मार्ग होता हाड मऊ करण्याचा. डॉक्टरांनी तो मला समजेल असा सांगितला.

हाड म्हणजे दगड नव्हे. आपल्या हाडांत सतत पाडापाडी आणि बांधाबांधी चालू असते. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं रचतात. या नव्या उपचारात जबड्याच्या ठरावीक पट्ट्यात एक औषध टोचतात. ते औषध बाहेरून विशिष्ट लाल प्रकाश पडेल तिथेच जागं होतं आणि पाडणाऱ्या पेशींना कामाला लावतं. तेवढा पट्टा काही आठवडे मऊ पडतो. मग दातांवर बसवलेली चौकट जबड्याला रोज केसाएवढं सरकवत जागेवर आणते. कापाकापी नाही, रक्त नाही.

"आणि मग ते मऊच राहतं?" मी विचारलं.

"नाही. दुसरं एक औषध आहे, ते दिलं की आठवड्यात पक्कं. पण..." त्यांनी योजनेचा कागद पुढे ओढला. "सरकारी योजनेत पहिलं औषध आणि चौकट बसते. दुसरं बसत नाही. ते नाही घेतलं तर हाड आपलं आपण पक्कं होतं, पण पाच महिने लागतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही जबडा जसा वापराल तसा तो धरेल. हाडाला बरोबर-चूक कळत नाही, फक्त सवय कळते. चावायचं सरळ, बोलायचं सरळ. एक वाकडी सवय राहिली तरी सांधा पुन्हा तिकडे जाईल, आणि मऊ करायचं औषध त्याच जागी दुसऱ्यांदा टोचता येत नाही."

मी हे बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत शब्दन् शब्द टिपला आणि म्हणाले, "म्हणजे महागडं औषध म्हणजे प्लॅस्टर. ओतलं की दगड. आणि आपल्या वाट्याला शाडू."

"हो."

"मग मी यंदा प्लॅस्टरच्या ऑर्डरी घेतो. तुझ्या औषधापुरत्या." प्लॅस्टरच्या मूर्ती कधीच सोडून शाडूवर आलेल्या बाबांनी हे म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं.

"काही नको. शाडू वाळायला वेळ लागतो, तडकत नाही धीर धरला तर. हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"धीर धरशील तू?" बाबांनी विचारलं. मी लहानपणी ओल्या मूर्तींना बोट लावून बघायचे, त्याची आठवण त्या प्रश्नात होती.

"धरीन."

आम्ही सगळ्याचा विचार केला. जेवणाचा, कामाचा, येण्याजाण्याचा. बाबांना माझं बोलणं कळेल का, हा विचार मात्र आला नाही. का येईल? उलट जबडा सरळ झाल्यावर मी आणखी स्पष्ट बोलणार होते.

*

चौकट निघाली त्या दिवशी मी पनवेलच्या बसस्टँडवर पेरू घेतला आणि पुढच्या दातांनी चावला. पेरूवर माझ्या दातांची गोल खूण उमटली. मी ती कितीतरी वेळ बघत बसले. शेजारच्या बाईला वाटलं किडा निघाला.

घरी आले. बाबांनी माझी हनुवटी दोन्ही हातांत धरून, मूर्तीचा तोल बघतात तशी बघितली आणि डोळे पुसले. रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, "बाबा, मीठ द्या."

बाबा उठले आणि पिठाचा डबा घेऊन आले.

आम्ही हसलो. मी पुन्हा म्हटलं, हळू, ठासून. त्यांनी माझ्या ओठांकडे कपाळाला आठ्या घालून बघितलं. "पीठच ना?" मी खारट तोंड करून दाखवलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं माती आली, त्यांना वाटलं काहीतरी पाती मोडली. "मला बरं वाटतंय" म्हटलं तर त्यांचा चेहराच उतरला, देव जाणे त्यांनी काय वाचलं. बरं आणि मरण यांची सुरुवात ओठांवर सारखीच होते. चार-पाच दिवस हे असं चाललं. मग एका सकाळी मी त्यांना दवाखान्यातली काहीतरी गंमत सांगत होते. लांबलचक, मजेशीर. बाबा माझ्याकडे बघत होते. माझं सांगून झालं आणि त्यांनी मान डोलावली.

"हो, हो," ते म्हणाले.

ती मान. गिऱ्हाइकांची, वीजबिलवाल्याची, परक्यांची मान. ती त्यांनी मला दिली.

मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी मागच्या पडवीत जाऊन आरशासमोर उभी राहिले आणि बाप, पाप, माप म्हणून बघितलं. सरळ, सुंदर, एकसारखे तीन शब्द. मग मला आठवलं की पूर्वी म म्हणताना ओठ मिटायचे तर मला जबडा डावीकडे ढकलावा लागायचा. ब म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांखाली जायचा. प ला वरचा ओठ फुगायचा. पंधरा वर्षं बाबा माझे ओठ वाचत नव्हते, माझा वाकडेपणा वाचत होते. जसजसा जबडा वाकडा होत गेला तसतसं त्यांना जमत गेलं, आणि आम्ही दोघं त्याला सराव म्हणत होतो.

जेवताना मी म्हटलं, "बाबा, मीठ." आणि म वर जबडा हळूच डावीकडे सरकवला.

बाबांनी झटकन मिठाची बरणी पुढे केली. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी पुढचं वाक्यही तसंच बोलले.

*

नंतरचे दोन महिने आमचे फार छान गेले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाहेर मी सरळ बोलायचे, घरात वाकडं. गंमत सगळी पहिल्यापासून पुन्हा सांगितली, आणि बाबा हसले, अगदी बरोबर जागेवर हसले. डाव्या कानापाशी दुखायला लागलं होतं. मी ते थंडीवर ढकललं.

तपासणीला पनवेलला गेले तेव्हा बाबाही बरोबर आले. डॉक्टर मुकादमांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली. चौकट निघाली त्या दिवशीचा जबडा आणि आजचा. हे समजायला डॉक्टर लागत नव्हता, कानही लागत नव्हते. हनुवटी डावीकडे निघाली होती.

"ताई, तुम्ही चावताय तर सरळ. दातांवरून दिसतंय ते," डॉक्टर म्हणाल्या. "मग हे कसं होतंय? कुणाशी बोलताना सरकवताय का? अजून हाड ऐकतंय तोवर थांबवा. आणखी महिनाभर असंच चाललं तर मग माझ्या हातात काही नाही."

बाबा पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग परत पडद्याकडे.

स्टँडवरच्या बाकावर बसल्यावर बाबा म्हणाले, "मला तुझं समजत होतं." त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "मला समजत होतं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"बाबा, तसं नाही..."

"बोलू नको." त्यांनी तळहात माझ्या तोंडासमोर धरला. "माझ्याकडे बघून बोलू नको. एवढी शिकलेली तू, आणि बापाच्या गमतीसाठी तोंड मोडून घेतेस?"

"गंमत नव्हती ती!" मी ओरडले. ओरडताना ब, म, काहीच सांभाळलं नाही, आणि त्यांनाही अर्थातच काही कळलं नाही. पण माझा राग त्यांना दिसला. तो कुठल्याही जबड्यावर दिसतो.

घरी आल्यावर त्यांनी खणातून अक्षरचष्मा काढला. काचा रॉकेलच्या फडक्याने पुसल्या. आणि कारखान्यातला आपला पाट उचलून भिंतीकडे तोंड करून मांडला.

"आता बोल," ते भिंतीला म्हणाले.

"काय बोलू?" मी त्यांच्या पाठीला म्हटलं.

"'काय बोलू,'" त्यांनी काचेवरचं वाचून दाखवलं. "बघ. आता येतं मशीनला तुझं. सरळ बोलायला लागलीस ना."

त्या दिवसापासून बाबांनी माझ्याकडे पाठ केली. जेवताना पाठ, काम करताना पाठ. समोरासमोर आलो तर ते नजर माझ्या कपाळाच्या वर ठेवायचे. कारण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं की मी सरकवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला स्वतःवर तेवढी खात्री नव्हती, हे खरंच आहे. ते विचारायचे, मी त्यांच्या पाठीला उत्तर द्यायचे, काचेवर उमटायचं, ते भिंतीला उत्तर द्यायचे. चष्म्याला सगळं यायला लागलं होतं. मीठ, पीठ, माती, पाती. एकदा मी नुसतीच रडले, बराच वेळ, हुंदके देऊन. काचेवर काही उमटलं नसावं, कारण बाबा गजमुखाची सोंड वळवत राहिले.

कधीकधी मला त्यांचा संताप यायचा. अरे, एकदा तरी वळा. पण ते वळले नाहीत. डाव्या कानामागचं दुखणं हळूहळू कमी झालं. पुढच्या तपासणीत हनुवटी माघारी आली होती. त्याच्या पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी लहान हातोडीने टकटक करून बघितलं, पडद्यावरची चित्रं पुन्हा पुन्हा पडताळली आणि म्हणाल्या, "झालं. आता तुम्ही ओढलात तरी हलणार नाही."

*

मी घरी आले तेव्हा बाबा नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेवटच्या मोठ्या मूर्तीच्या पाटाचं काम चाललं होतं. मी म्हटलं, "बाबा, झालं पक्कं."

त्यांनी काचेवर वाचलं. मग उठले, हात कोपरापर्यंत धुतले, चष्मा काढून फळीवर ठेवला आणि पाट उचलून माझ्यासमोर मांडला. इतक्या महिन्यांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

ते म्हातारे झाले होते. पाठीवरून हे कळलंच नव्हतं.

"बोल," ते म्हणाले.

मला कळलं कुठला खेळ ते. मी सवयीने जबडा सरकवायला गेले, तर तो जागचा हलेना. मग जसं येईल तसं, बिनआवाजी, मी म्हटलं, "बाप."

बाबा पुढे वाकले. माझे ओठ मिटले, उघडले, मिटले. त्यांचे डोळे माझ्या हनुवटीवर गेले, डावीकडे काहीतरी शोधलं, परत आले. मी पुन्हा म्हटलं. बाप. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकदम सुटल्या.

"माप!" ते म्हणाले. आणि एवढ्या आनंदाने म्हणाले, की बस्स.

फळीवर चष्मा होता. हात लांबवला असता तर मिळाला असता. मी मान डोलावली.

"हो, हो," मी म्हटलं.

"मोठ्या मूर्तीचं ना? तरी म्हटलं, अजून कसं विचारलं नाहीस." बाबा उठले. खुंटीवरची टेप काढली आणि परवाच मोजून ठेवलेल्या मूर्तीसमोर जाऊन बसले. आसनापासून मुकुटापर्यंत टेप ताणली, वाकून आकडा बघितला आणि मला ऐकू यावं म्हणून ओरडून सांगितला.

"एकवीस इंच! लिहून घे, मृणू."

मी लिहून घेतलं.